अव्वाचा नियम आणि चिन्नीचा घास

आमच्या दवाखान्याच्या रजिस्टरमध्ये मांजराला रकाना नव्हता. गाय, बैल, म्हैस, शेळी, मेंढी, घोडा, कुत्रा असे रकाने छापलेले असत आणि सगळ्यांत शेवटी बोटभर रुंदीचा ‘इतर’. त्या ‘इतर’मध्ये वर्षाकाठी एखादं माकड, गावात सर्कस आली तर एखादा उंट, आणि एकदा एका वकिलांचा पोपट, जो तपासताना साहेबांनाच शिव्या देत होता. मांजर जवळजवळ नाहीच. मांजराला काही झालं तर माणसं म्हणत, जाईल कुठंतरी आणि बरं होऊन येईल. बहुतेक मांजरंही तसंच करत, त्यामुळं तक्रारीला जागा नव्हती.

मी कोल्हापुरात जनावरांच्या सरकारी दवाखान्यात व्रणोपचारक होतो. हा शब्द पगारपत्रकावर असे आणि माझ्याशिवाय तो कोणी वाचला असेल असं वाटत नाही. लोक मला पट्टीवाले म्हणत. साहेब, म्हणजे आमचे डॉक्टर, फिरतीवर गेले की त्याच लोकांच्या तोंडी मी डॉक्टर होई आणि साहेबांची जीप फाटकात शिरली की पुन्हा पट्टीवाले. एकतीस वर्षांच्या नोकरीत ही बढती आणि ही घसरण मी दिवसातून दोन-दोनदा सोसली आहे.

काम सांगायला सोपं. जखम धुवायची, सडलेलं काढायचं, किडे पडले असतील तर वेचायचे, मलम भरायचं आणि पट्टी अशी बांधायची की जनावराला ती सोडता येऊ नये. माणसांच्या दवाखान्यात ‘हलू नका’ म्हटल्यावर माणूस हललाच, तर निदान ओशाळतो. म्हैस ओशाळत नाही. बैलाच्या खांद्याला जू लागून पडलेली जखम, तारेच्या कुंपणानं फाटलेली कास, टांग्याच्या घोड्याचा सोललेला गुडघा हे आमचं रोजचं. दिवाळी पाडव्याला म्हशी नटवून पळवायची आमच्या गावाला भारी हौस. त्यामुळं दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यासमोर रंगवलेली शिंगं, गळ्यात घुंगरमाळा आणि गुडघे फुटलेल्या म्हशींची रांग लागे. मालकाला काय झालं विचारावं, तर तो छाती काढून सांगणार, “पैली आली की वो पट्टीवाले, पर थांबायचं इसरली.”

या सगळ्यांवर माझा एकच उतारा होता, तो म्हणजे माझं काळं मलम. डिकेमाली, कापूर, करंजाचं तेल आणि टर्पेंटाइन घालून ते मी स्वतः करायचो. डिकेमाली म्हणजे एका झाडाचा डिंक. त्याचा वास ज्यानं घेतलाय त्याला वर्णन नको आणि ज्यानं घेतला नाही त्याला सांगून पटणार नाही. उघड्या जखमेवर माशी बसली की अंडी घालते, अंड्यांचे किडे होतात आणि ते जनावराला जिवंतपणी पोखरतात. माझं मलम लावलं की माशी त्या जनावराच्या वाऱ्याला उभी राहत नसे. मुरगूडपासून पेठ वडगावपर्यंतची माणसं ‘पट्टीवाल्याचं काळं’ मागायला येत आणि मी ते डबीत भरून देताना थोडा फुगत असे. अंगणात कपडे उतरवून अंघोळ केल्याशिवाय माझी बायको मला भाकरी वाढत नसे, हे मात्र मी बाहेर कोणाला सांगत नव्हतो.

तर पंच्याहत्तर सालच्या आसपासची गोष्ट. मार्गशीर्षातली थंडी होती. सोमवारी सकाळी सकाळी बाबूआण्णा सायकलच्या कॅरिअरवर एक बांबूची पाटी आणि तिच्यावर उपडी घातलेली दुसरी पाटी बांधून दवाखान्यात आले. बाबूआण्णा म्हणजे आमच्या राजारामपुरीच्या गल्लीतले किराणा-भुसारवाले. दुकान पुढं, घर मागं. मी त्यांच्या शेजारीच भाड्यानं राहायचो. घराणं जैन, मूळचं सीमेकडचं, त्यामुळं घरात निम्मं कानडी. बाबूआण्णांच्या आईला घरात अव्वा म्हणत, म्हणून सगळी गल्लीच तिला अव्वा म्हणायची.

“काय आणलंय आण्णा?” मी विचारलं.

“मांजर हाय,” ते इतक्या हळू म्हणाले की मागच्या रांगेतल्या सगळ्यांना ऐकू गेलं.

“बारकी म्हस म्हणून लिवा की वो,” रांगेतला एक गवळी म्हणाला, आणि त्याच्या म्हशीखेरीज सगळे हसले.

पाटीत पिवळ्या रंगाची चिन्नी पडली होती. बाबूआण्णांच्या दुकानातल्या पोत्यांची राखण ती करायची. बाबूआण्णा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, “आमची चिन्नी उंदीर मारती, पर तोंडात धरून बाहीर टाकती. खात न्हाय. दूध, तूप-भात, बास.” यावर मी कधी काही बोललो नव्हतो. दहा वर्षं जनावरांत काढलेल्या माणसानं शेजाऱ्याच्या आनंदात कशाला पडावं?

झालं होतं असं की चिन्नी थप्पीच्या वर, पेंडीच्या पोत्यावर चढून बसली होती. अव्वानं तिला खाली हाकलायला हातातली काठी जमिनीवर आपटली. मांजर दचकून उडालं, वरचं सैल पोतं सरकलं आणि दोन्ही एकदमच खाली आली. पुढच्या उजव्या पायाचं हाड मोडलं होतं आणि वरचं कातडं फाटलं होतं.

साहेबांनी पाय चाचपला. साहेब तरुण होते, मोजकं बोलत. “हाड धरेल,” ते म्हणाले, “मांजराचं लवकर धरतं. खायला घाला. मांजर उपासाला फार कच्चं असतं. तीन-चार दिवस खाल्लं नाही, तर मग पायाची काळजी करायचं कारण उरणार नाही.” एवढं सांगून ते लाळ-खुरकतीच्या लशी टोचायला जीपमधून निघून गेले, ते शुक्रवारपर्यंत परतणार नव्हते. मी तत्काळ डॉक्टर झालो.

मी बांबूच्या दोन पातळ कामट्या तासल्या, कापूस गुंडाळला, हाड जुळवलं. तोवर चिन्नीनं माझ्या मनगटाची जी अवस्था केली तिचं वर्णन करत नाही. मग हात आपसूक काळ्या मलमाच्या डबीकडं गेला. मार्गशीर्षाच्या थंडीत माशी कुठली? पण दहा वर्षांची सवय, हात विचारत नाही. म्हशीच्या मापानं लावलं नाही, पण मांजराच्या मापानंही लावलं नाही. वर सुबक पट्टी बांधली. बाबूआण्णा म्हणाले, “काय बांधलंय वो, माणसाला बी अशी बांधत न्हाईत.” मी पुन्हा थोडा फुगलो.

सोमवारी चिन्नीनं काही खाल्लं नाही. धक्का बसलाय, म्हटलं. मंगळवारी सकाळी दूध ठेवलं तर तिनं तोंड फिरवलं. बाबूआण्णा संध्याकाळी म्हशींच्या कट्ट्यावर जाऊन समोर पिळलेलं, फेस न मोडलेलं दूध पेल्यावर हात झाकून घेऊन आले. पैलवान पितात ते दूध. चिन्नीनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. तूप-भात झाला, साय झाली, लोणी झालं. सगळं घर तिच्याभोवती कोंडाळं करून बसलेलं. कोणी म्हणे दृष्ट लागलीय. बाबूआण्णांच्या सुशील, सोशिक बायकोनं, म्हणजे अव्वाच्या सूनबाईंनी, मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. त्यानं सगळ्यांना खोकला आला, मांजरालासुद्धा.

मंगळवारी कामावरून आलो, तर बाबूआण्णा माझ्या दारात उभे. चेहरा उतरलेला.

“आता दोघी बी खाईनात,” ते म्हणाले.

“दोघी कोण?”

“अव्वा बी. सकाळी मंदिरात जाऊन नियम घेऊन आल्या. चिन्नी घास घेईल, आपल्या डोळ्यानं बघीन, तवाच मी घास घेईन म्हणून.”

नियम म्हणजे काय हे आमच्या भागात कोणाला सांगावं लागत नाही. जैन घरांत देवासमोर एखादी गोष्ट सोडल्याचं कबूल करतात आणि मग ती जीव गेला तरी मोडत नाहीत. कोणी चार महिने पालेभाजी सोडतं, कोणी गोड सोडतं. अव्वानं मांजराच्या नावानं अन्न सोडलं होतं. तिची सत्तरी उलटलेली, डोळ्यांत मोतीबिंदू, अगदी जवळचं तेवढं अंधुक दिसायचं. त्यात ती रात्रीची जेवायची नाहीच, सूर्य मावळायच्या आत जेवण आणि पाणीसुद्धा बंद. म्हणजे मांजरानं खायचं तर दिवसाउजेडी खायला हवं होतं. मांजर रात्री खाऊन बसलं आणि अव्वानं बघितलं नाही, तर तो घास हिशेबात धरता येत नव्हता.

मी आत गेलो. अव्वा कांबळ्यावर बसली होती, शेजारी चिन्नी. बोलायचं म्हणून म्हणालो, “अव्वा, तुम्ही जेवा. मांजराला काय कळतंय तुम्ही उपाशी आहात ते?”

“तिला कळंना, मला कळतंय,” अव्वा म्हणाली. “काठी माझी हुती, तम्मा.”

तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. अव्वा मला नेहमी तसंच म्हणायची.  एका मांजराची जबाबदारी घेतली होती, आता तिच्याबरोबर एक म्हातारी बाईही माझ्या गळ्यात आली होती आणि साहेब वडगावच्या बाजूला गाईंना सुया टोचत होते.

बुधवारी मी कंबर कसली. बैलाला औषध पाजायची आमची पद्धत अशी, की एकानं शिंग आणि नाक धरून तोंड वर करायचं आणि दुसऱ्यानं बांबूच्या नळीतून औषध घशात ओतायचं. मांजराला शिंगं नाहीत, ही पहिली अडचण. बांबूच्या नळीऐवजी मी शाई भरायचा ड्रॉपर स्वच्छ धुऊन घेतला, चिन्नीला टॉवेलात गुंडाळलं, बाबूआण्णांना धरायला लावलं आणि ओठाच्या कडेनं दूध सोडलं. तिनं ते तोंडात साठवलं. मी म्हटलं, जमलं. मग तिनं ते सगळं एकदम माझ्या खाकी शर्टावर परत केलं आणि टॉवेलातून एक पंजा काढून बाबूआण्णांच्या नाकावर खूण केली. बाबूआण्णा अहिंसेचे माणूस. ते फक्त कानडीत काहीतरी पुटपुटले आणि त्यांच्या बायकोनं तोंडाला पदर लावला.

खात नाही म्हणजे जखम ठणकत असणार, असा मी निष्कर्ष काढला. पट्टी सोडली, जखम बघितली, तर ती स्वच्छ. तरी पुन्हा मलम भरलं, या वेळी थोडं जास्तच. आज हे लिहितानासुद्धा मला स्वतःची लाज वाटते, पण झालं ते असं झालं.

बाहेर पडलो तर मागच्या बोळात हुस्नाबी थांबलेली. हुस्नाबीचा नवरा शिंपी, बाबूआण्णांच्या परसाला लागूनच त्यांचं घर, मध्ये कमरेएवढी भिंत.

“भाऊ, एक इचारू का?” ती म्हणाली. “ह्यांच्याकडं काय झालंय? आमची रानी तीन दिस झालं आली न्हाय.”

“राणी कोण?”

“पिवळी मांजर. रोज दुपारला येती. सुकट म्हणा, माशाचं डोस्कं म्हणा, काय असंल ते खाती आन् धुण्याच्या दगडावर झोपती. चार वर्षं झाली.”

म्हणजे चिन्नी भिंतीच्या या बाजूला शाकाहारी होती आणि त्या बाजूला राणी होती. मला हसू आलं आणि हायसंही वाटलं. एकदम सगळा उलगडा झाला. आजारी माणसाला आपल्या आवडीचंच खावंसं वाटतं, तसं या मांजराला सुकट हवी होती, आणि मोडक्या पायानं भिंत ओलांडता येत नव्हती. उद्या हिला काहीतरी निमित्त काढून हुस्नाबीच्या परसात न्यायची, खायला घालायची, अंगात जीव आला की मग तूप-भातही खाईल. बाबूआण्णांना कळू द्यायचं नाही. हुस्नाबी घाबरली. “त्यांच्यात चालत न्हाय वो हे. म्हातारीला कळलं तर?” मी म्हटलं, ते माझ्यावर सोडा.

गुरुवारी तिसऱ्या प्रहरी रजा टाकून गेलो. अव्वाचे तीन दिवस पाण्यावर निघाले होते. ती आता आडवी होती आणि तिचा आवाज नुसता श्वासासारखा येत होता. बाबूआण्णांनी दुकान उघडलंच नव्हतं. चिन्नी तर त्याहून वाईट. अंगावरचा केस उभा, डोळे आत गेलेले, पुढच्या पायावर हनुवटी टेकून नुसती पडलेली. साहेबांचे शब्द मला आठवत होते. त्या दिवशी काही घडलं नसतं, तर शुक्रवारी काही घडायचं उरलं नसतं.

मी बाबूआण्णांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, “मागं उन्हात बसवून आणतो हिला.”

अव्वानं डोळे उघडले. “हुस्नाकडं न्हेतोस न्हवं? न्हे. तिच्या हातचं खाती ती.”

बाबूआण्णा आईकडं बघतच राहिले. मीही.

“तुम्हाला ठाऊक होतं?” मी विचारलं.

“चार वर्षं भितीवरनं उड्या मारती. मी आंधळी हाय, खुळी न्हाय,” अव्वा म्हणाली. “नियम माझा हाय. मांजराला कुनी नियम दिलाय?”

तेव्हा बाबूआण्णांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, पण मला वेळ नव्हता. मी पाटी उचलून मागच्या दारानं गेलो. हुस्नाबीनं सुकट थोडी भाजून ठेवली होती. तिनं ती तळहातावर घेऊन चिन्नीपुढं धरली आणि “रानी, ए रानी” म्हणून हाक मारली. चिन्नीनं डोळे किलकिले केले. शेपटीचं टोक हललं. तिनं मान पुढं काढली, आणि पुन्हा पायावर टेकवली.

सुकटही नको म्हटल्यावर माझ्या हातातलं सगळं संपलं. मी धुण्याच्या दगडावर बसलो.

हुस्नाबी पाटीशी उकिडवी बसली होती. तिनं पदर नाकाला लावला. “भाऊ, रागवू नगासा,” ती म्हणाली, “पर हितं नुसतं बसून माझी सुकट मला वास देईना झालीया. तुमच्या पट्टीचा दर्प हाय ह्यो. त्यात ती बिचारी नाक घालून पडलीया. ती काय खाणार?”

इथं मी जे केलं ते सांगायलाच हवं. मी रागावलो. काळ्या मलमाला आजवर कोणी नाव ठेवलं नव्हतं. मी त्या बाईला डिकेमालीचे गुण सांगितले, माश्यांचं शास्त्र सांगितलं, कोणकोणत्या गावाहून माणसं डबी मागायला येतात ते सांगितलं. ऊन भिंतीवरून वर चढत होतं आणि मी भाषण करत होतो. पंधरा-वीस मिनिटं सहज गेली असतील. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मला पडसं झालतं तवा ईदची बिर्याणी मातीवानी लागलीती मला. एकदा नाक लावून तर बघा.”

मी केवळ तिला खोटं पाडायला खाली वाकलो. गुडघे टेकले, मान पाटीत घातली आणि चिन्नीचं तोंड जिथं होतं तिथं माझं नाक नेलं. डोळ्यांत टचकन पाणी आलं. म्हशीच्या गुडघ्याला मलम लावलं तर ते तिच्या नाकापासून तीन हात लांब असतं. मांजराचा पुढचा पाय म्हणजे तिची उशी. मी तिच्या उशीला चार दिवस डिकेमाली फासून ठेवली होती आणि तिनं दूध प्यावं म्हणून ड्रॉपर घेऊन बसलो होतो. मांजर आधी नाकानं जेवतं. ज्याचा वास येत नाही ते तिच्या लेखी अन्नच नाही. हे मला साहेबांनी सांगायला हवं होतं असं मी पुढं बरीच वर्षं म्हणत असे. खरं तर ते मला माझ्या बायकोनं रोज अंगणात सांगितलेलं होतं.

मग मात्र मी हात चालवले. पट्टी कापली, कामट्या काढल्या. मलम पाण्यानं जात नाही, म्हणून आधी खोबरेल तेल चोळून मऊ केलं, कापडानं टिपलं, मग बेसन लावून कोमट पाण्यानं धुतलं, पुन्हा तेल, पुन्हा बेसन. हुस्नाबीनं मान अशी धरली होती की चिन्नीनं एकदाही नख काढलं नाही. नवऱ्याच्या मशीनशेजारून पांढऱ्या मलमलीचा कोरा तुकडा तिनं आणला, नव्या कामट्या तासायला मला पुन्हा दहा मिनिटं गेली. घाईत पाय किंचित वाकडा बांधला गेला आणि तो जन्मभर तसाच राहिला. तो माझा दुसरा गुन्हा, पण त्याची तक्रार तिनं कधी केली नाही. शेवटी ऊन पाण्यात फडकं पिळून तिचं नाक पुसलं. त्यातून काळपट निघालं.

चिन्नी थोडा वेळ तशीच पडली. मग तिनं मान वळवली आणि खांदा चाटला. एकदा, दोनदा. चार दिवसांत तिनं अंग चाटलं नव्हतं. आजारी मांजर अंग चाटायला लागलं की ते परत यायला निघालं असं समजावं, हे मी त्या दिवशी शिकलो.

“आत न्ह्या, आत न्ह्या,” हुस्नाबी म्हणाली. “म्हातारीनं बघाया पायजे.” समोरच्या माडीमागं ऊन गेलं होतं.

मी पाटी घेऊन भिंतीवरूनच उडी मारली. बाबूआण्णांनी आणि सूनबाईंनी अव्वाला धरून मागच्या सोप्यात, म्हणजे पडवीत, आणून बसवलं. मी सगळ्यांना लांब सरकवलं. “कोणी बोलायचं नाही, कोणी बघायचंही नाही. फक्त अव्वा.” सूनबाईंनी भातावर कढत तूप घालून वाटी आणली. अव्वानं तो भात बोटांनी मऊ कालवला, बोट चिन्नीच्या नाकाजवळ नेलं आणि थोडं तिच्या चांगल्या पायावर लावलं.

चिन्नीनं वास घेतला. नाकपुड्या हललेल्या मला दिसल्या. आधी तिनं स्वतःचा पाय चाटला, मग अव्वाचं बोट, आणि मग वाटीत तोंड घातलं. खाण्याचा तो चपचप आवाज सोप्यात सगळ्यांना ऐकू येत होता. भिंतीपलीकडं हुस्नाबी सुकटीची मूठ पदराखाली धरून उभी होती आणि डोळे पुसत होती. बाबूआण्णा खांबाकडं तोंड करून उभे राहिले. मला रडू आलं हे कबूल करायला आता हरकत नाही.

वाटी रिकामी झाली. अव्वाचा तळहात अजून मांजराच्या पाठीवर होता. मला राहवलं नाही. मी म्हणालो, “अव्वा, दोष तुमच्या काठीचा नाही. माझ्या मलमाच्या वासानं ती खात नव्हती. मी चार दिवस तिला उपाशी ठेवली. तुम्हालाही मीच.”

सूनबाई पळत जाऊन ताट घेऊन आल्या, भात, तूप, मुगाची आमटी. ताट पुढं ठेवलं आणि सगळ्यांचं लक्ष एकदमच बाहेर गेलं. परसात रंग उरला नव्हता. बाबूआण्णांनी सवयीनं दिव्याच्या बटणाकडं नेलेला हात खाली घेतला.

जुन्या माणसांची एक खूण असते. सूर्य मावळला की नाही याची शंका आली, तर दिव्याशिवाय तळहात डोळ्यांसमोर धरायचा. रेघा दिसल्या तर दिवस आहे, जेवायला चालतं. दिसल्या नाहीत तर रात्र. अव्वाला मोतीबिंदू, तिला भर दुपारीही रेघा दिसत नसत. रोज संध्याकाळी सूनबाई बघून सांगायच्या. त्या लगबगीनं पुढं झाल्या.

“तू नगं,” अव्वा म्हणाली. “तू दिसत्यात म्हणशील. बाबू बी नगं.” तिनं हात माझ्याकडं केला. “तम्मा, तू आत्ता खरं बोललास. तू बघ. दिसत्यात का रेघा?”

मी तो हात दोन्ही हातांत घेतला. त्याला तुपाचा वास येत होता. तीन दिवस न जेवलेल्या बाईचा हात होता तो. मी चांगला डोळ्यांजवळ धरला. बाबूआण्णा माझ्याकडं बघत होते, सूनबाई बघत होत्या. हुस्नाबीशी वाद घालण्यात घालवलेली ती वीस मिनिटं माझ्यासमोर उभी होती. मला त्या हाताची फक्त कड दिसत होती.

“दिसतात की,” मी म्हणालो. “स्पष्ट दिसतात.”

अव्वानं हात मागं घेतला. ताट ओढलं, हात जोडले आणि पहिला घास घेतला. तो सावकाश चावून गिळला. माझ्याकडं न बघताच ती म्हणाली, “मांजराचं तुझ्यावर, म्हातारीचं बी तुझ्यावरच. लई वझं घेतलंस रं, तम्मा.”

आणि तिनं दुसरा घास घेतला.